फळ्याचे नियम

गोळीबार चौकातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत
सात माणसं, एक कूलर, त्यातला वाळा कोरडा.
विषय एकच : बाहेरच्या काळ्या फळ्यावर
सभासदांनी अक्षरांचं काय काय करायचं.

मी चिटणीस. हातात वही
आणि अडत अडत चालणारं पेन.

ठळक अक्षर : मंजूर.
निखारे म्हणाले, पण एका वेळी एकच शब्द.
पतसंस्थेच्या निवडणुकीत कोणी तरी
अख्खा फळा ठळक केला होता,
खडूची अर्धी पेटी संपली
आणि नळाची वेळ कोणालाच दिसली नाही.

तिरपं अक्षर : दुसऱ्याचं बोलणं असेल तरच.
"माहं अक्षर जन्माचंच तिरपं हाये, मी काय करू?"
धकातेंच्या या प्रश्नावर दहा मिनिटं गेली.
नोंद : जन्मजात तिरपेपणास सूट.

लाल खडू : मेयोत कोणाला रक्त हवं असेल तेव्हाच.
यावर वाद नाही.

चौकट : फक्त निधनाला, असं ठरत होतं.
तेवढ्यात आठवलं,
यमुनाबाई नंदनवारांनी नवऱ्याचं लिहिलं होतं
नळाच्या वेळेखाली, बारीक अक्षरात, चौकटीशिवाय,
आणि सगळा मोहल्ला गेला होता.
चौकट पुढच्या सभेवर.

अधोरेखा : मंजूर, पण सुरू केली तिथं संपवायचीही.
'तातडीचे'खालची एक रेघ
फळा सोडून भिंतीवर गेलेली अजून दिसते.
हेडाऊकाका म्हणाले,
"काठ कुठं थांबवाचा हे ज्याले समजत नाही
त्याच्या हाती धोटा देऊ नये."

राहिली आडवी काट.
"डस्टर हाये ना बे, मंग कापाचं काऊन?"
सगळे डस्टरच्या बाजूचे दिसत होते.
डोमाजी पराते तोवर बोललेच नव्हते,
तेव्हाही बोलले नाहीत.
फळ्याचा उजवा कोपरा पाच महिने त्यांचा :
माग सुरू, सोमवार, अमुक तारीख.
दर सोमवारी येऊन ते तारीख कापतात,
शेजारी पुढची लिहितात.
एकवीस कापलेल्या आहेत तिथं,
एक न कापलेली.

हात वर झाले. मी मोजले नाहीत.
वहीत लिहिलं : काट, मंजूर.
त्यातला शेवटचा शब्द ठळक करावा म्हणून
त्याच अक्षरांवरून पेन पुन्हा फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
कागदाला भोक पडलं.