सहा नंबरचा डिमर

सेलू. नगरपालिकेच्या शाळेचा हॉल.
खुर्च्या दीडशे, माणसं एक्केचाळीस,
त्यातली सहा नाश्त्यासाठी आलेली.
माझा बोर्ड खिडकीपाशी, स्टुलावर.
सहा डिमर. सहावा बंद.

पोरगी परभणीहून एसटीनं आली, एकटीच.
करुणा हानवते. पिशवीत एक पाट,
एक फोटोफ्रेम, एक स्टीलचा डबा.
झालं नाटकाचं सामान.
मी सवयीनं दिव्याला पिवळा कागद लावला,
त्यावर गुलाबी. तोंडाला उठाव येतो.
वर बघून म्हणली,
“गफ्फारभाई, ते काढा.
हाये तेवढी दिसू द्या.”

तीस वर्षं हेच काम करतो.
कागद काढा असं कुणी म्हणलं नव्हतं.

आधी ती बाप झाली.
मांडीवर वही, वहीत लेकीचा बायोडाटा.
रंग, म्हणून लिहिलं आणि थांबली.
काळा. खोडलं. सावळा. खोडलं.
निमगोरा असं लिहून
त्या बापानं पेनाचं टोपण इतकं हळू लावलं
की मागची पोरं हसता हसता राहिली.

मग मावशी झाली, वाटीत साय आणि बेसन कालवणारी.
मग पोराची आत्या,
जी पोह्याच्या बशीवरून फक्त मनगट बघते,
कारण पावडर मनगटापर्यंत पोचत नाही.

मग फ्रेम पाटावर ठेवली.
स्टुडिओवाल्यानं उजळून दिलेला फोटो,
चौदा घरं फिरून आलेला.
त्या बाईला अहोजाहो करत म्हणली,
“तुम्ही बऱ्या आहात ना?
चौदा ठिकाणी तुम्हाला हो म्हणले,
नाही म्हणले ते मला.
तुमचं गाव कोणतं? आई कोण तुमची?
माझं नाक तुमच्याकडं कसं काय?”

पुढच्या रांगेत निवृत्त गुरुजी होते.
त्यांना राहवलं नाही, मोठ्यानं बोलले,
“बाई, विठ्ठलसुद्धा काळाच आहे की!”

हे नाटकात नव्हतं.
माझ्या हातात वही होती, तिच्यात नव्हतं.
ती पाटावरून उठली.
“व्हय गुरुजी. पण त्याला बघायला येतात तेव्हा
तो पोहे घेऊन उभा नसतो.
आणि काळी मातीही नका सांगू,
मला कुणी नांगरायचं नाही.
जांभूळ नको, कोकिळा नको.
नुसतं करुणा म्हणा. जमतं का बघा.”

पंखा तेवढा वाजत होता.
मग गुरुजी म्हणले. घसा खाकरून, हळू.

त्या गडबडीत माझा हात चुकला.
समोरचा दिवा पडला, बाजूचा एकच राहिला.
आणि गालाच्या हाडावर उजेड येऊन थांबला.
गोऱ्या तोंडावर उजेड सांडतो, निम्मा वाया जातो.
हिच्यावर तो जागा बघून बसला,
कपाळाला थोडा, खांद्याला थोडा,
वरच्या ओठाच्या घामाला एक ठिपका.
मी चूक दुरुस्त केली नाही.

शेवटी तिनं डबा उघडला.
भाकर, ठेचा, कांदा.
पाटावर बसून खरंच जेवली.
बोलली काहीच नाही. कुणाला विचारलं नाही, घेता का.
कांदा बुक्कीनं फोडला तो आवाज मागपर्यंत गेला.
चार मिनिटं.
नाश्त्यावालेसुद्धा बसून होते.

वायरी गुंडाळताना तिनं पैसे दिले,
दोनशे कमी होते, पुढच्या वेळी म्हणली.
पिवळा कागद तिला दाखवून विचारलं, फाडू का?
“फाडता कशाला? सूर्यास्ताला लागंल.”

परवा पाथरीत लग्नाची ऑर्डर होती.
नवरीची आई बोर्डापाशी आली, वाकून, कानात,
“भाऊ, उजेड जरा जास्त टाका. पोरगी सावळी हाये.”
स्टेजवर पोरगी हाराच्या वजनानं मान सावरत होती.
मी म्हणलं, टाकतो की ताई,
आणि त्यांच्या डोळ्यांदेखत
सहा नंबरचा डिमर शेवटापर्यंत वर नेला.