एक वीत

जिनिंग बंद पडली त्या साली
भंगाराच्या भावात, किलोवर तोलून आणली मी डॉज.
कापसाच्या गाडया जिथं मोजायच्या त्याच काट्यावर
ती उभी राहिली, चारी टायर बसलेले,
आणि काटेवाल्या सुपडूनं पावती फाडली:
लोखंड, पंधराशे चाळीस.

चोपड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
बोअरमधल्या जळालेल्या मोटारी येतात, वास घेऊन सांगतो
कुठली कॉइल गेली.
हिचे आठ सिलेंडर मात्र दोनदा मोजले.

पहिल्याच दिवशी कळलं,
हिचे बोल्ट इंचात विचार करतात.
बाराचा पाना शिरत नाही,
तेराचा शिरतो आणि नुसता फिरतो, कडा खाऊन टाकतो.
अर्ध्या इंचाचा पाना मालेगावला मिळाला.
रऊफभाईंनी फडक्यात गुंडाळून दिला,
सोनारानं अंगठी द्यावी तसा.

एअर क्लीनर उघडला, तर आत उंदरीचं बाळंतपण झालेलं:
सरकीची टरफलं, कापूस,
हजेरीपटाची एक चिंधी,
तिच्यावर एकच शब्द शिल्लक, गैरहजर.

सातवा पिस्टन अडकलेला.
रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं,
वर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके.
एकवीस दिवस.
शेजारचा निंबा दारातून विचारायचा,
"काय भो, मरेल शे का?"
"मरेल नही. झोपेल शे."

इंदू बोलत नव्हती. तिचं अंगण गेलं होतं.
कुरडया बोनेटवर आल्या होत्या.
वैशाखात त्या दुपारच्या आत वाळायच्या,
हे तिनं कबूल केलं,
पण तोंड फिरवून.

मग एकदा मॅनिफोल्डखाली नट पडला.
माझा हात मनगटाशी अडायचा.
ती आली, बांगड्या वर सारल्या,
डोळे मिटून, डाळीतला खडा शोधावा तसा
नट काढून माझ्या तळहातावर ठेवला.
"अजून काय पाडलंय?"

त्या दिवसापासून कार्बोरेटर तिचा.
जेटमधला मळ ती काढते
माझ्या दुकानातल्या सगळ्यात बारीक तारेनं,
आणि तार परत देत नाही.

सीटमध्ये कापूस भरला. कुठल्या भावानं ते विचारू नका.
दाराच्या आत, गंजाखाली, मूळ रंग सापडला:
कच्च्या केळीच्या सालीचा हिरवा.
तोच दिला.

सहा वर्षं.
आखाजीच्या आधीच्या रविवारी चावी फिरवली.
खोकली. पुन्हा खोकली.
मग पत्रे थरथरले,
रमजूची म्हैस दाव्यासकट पळाली,
आणि धुरात मी नाचत होतो की काय, आठवत नाही.
इंदूनं मान तिरपी केली.
"सातच वाजतायत. एक गप्प आहे."
मला इतकं नीट ऐकू येत नाही. तिला येतं.

गिअर टाकला. अठरा फूट गेलो.
थांबलो.

वळणावर निंबाचा ओटा.
आणली तेव्हा नव्हता.
आम्ही पिस्टन भिजवत होतो तेव्हा तो फरशी बसवत होता,
सिमेंट कालवायला घमेलंही आमचंच.

मी टेप आणायला निघालो.
तोवर इंदूनं ओट्याच्या कडेवर हात पसरला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
"एक वीत काढावी लागेल."
ग्रीसची काळी वीत उमटली फरशीवर.
निंबा त्या ठशाकडे बघत राहिला,
मग गाडीकडे.
"आखाजीले पोरी येतीन," म्हणाला,
"त्या बसतीन कोठे?"

"गाडीमा," इंदू म्हणाली.

तो काही बोलला नाही.
मी रिव्हर्स टाकला, अठरा फूट मागे.
इंजिन मात्र बंद केलं नाही बराच वेळ,
पेट्रोल एकशे सहा रुपये असूनही.