घसारा

उलटलेल्या लॉरीचे फोटो काढून झाले,
कागदावर सह्या झाल्या,
मालकाचं केळीच्या पानावरचं जेवण टाळून झालं.
गाडी रात्री नऊला.
"मग मलै चढून या," ड्रायव्हर सेंगोडन म्हणाला.
त्याचा पाय प्लास्टरमध्ये, हात मात्र डोंगराकडे.

पायथ्याशी चपला. टोकन सत्तेचाळीस.
पायरीला इथे पडि म्हणतात.
माझ्या कानाला ते पडण्याच्या फार जवळचं वाटलं,
म्हणून कठडा धरून चढलो.

पायरी-पायरीवर नाव कोरलेलं, देणाऱ्याचं.
लिपी लागत नाही, आकडे लागतात:
एकशे एक, एक्कावन्न, पुन्हा एकशे एक,
आणि वळणाच्या अलीकडे एक नुसती अकराची.
तीच सगळ्यांत झिजलेली,
कारण तिथेच प्रत्येकाचा दम संपतो.

तीस वर्षं घसारा काढतोय मी.
टायर, गिअरबॉक्स, ताडपत्री,
वर्षाला इतके टक्के, वजा.
दगडाचा दर माझ्या तक्त्यात नाही.
मधोमध बशीएवढा खळगा,
त्यात कुणाच्या घड्यातून सांडलेलं दूध
आणि काठावर मुंग्या.

"मोर! मोर!"
मी वर पाहिलं. कडुनिंबात पाहिलं, कळसाकडे पाहिलं.
देवाचं वाहन असं हाकेला येतं?
म्हातारी हसायला लागली. "वा, वा," म्हणाली.
मला वाटलं दाद देते आहे;
ती नुसतं ये म्हणत होती.
मडक्यातून पेला भरून दिला:
आलं, हिंग, कढीपत्त्याचं एक पान.
मोर म्हणजे ताक.

पोन्नायी तिचं नाव. जागा, तीनशे बारावी पायरी.
सांगली म्हटलं तर तिला कळेना.
मंजळ म्हटलं, हळद,
तेव्हा तिने स्वतःचे पिवळे तळहात पुढे केले.
वर कधी गेली होती शेवटची?
तिने गुडघ्यांवर थापटलं.
दप्तर मांडीवर घेतलेल्या नातीने
इंग्रजीत उलथं करून सांगितलं:
पंगुनीत तो उतरतोच की पालखीतून.
दर वेळी मीच का जायचं?

वर दार बंद. चारला उघडणार.
कातळ असा तापलेला की उभं राहायचं म्हणजे
एकदा या पायावर, एकदा त्या.
खाली लॉऱ्यांच्या कोऱ्या बॉड्या
रंग वाळवत रांगेने उभ्या,
काचांवर याच डोंगराचं नाव.

आणि पाण्याच्या टाकीवर, गळक्या नळाशी मान वाकडी करून,
तो.
खराखुरा, धुळीने माखलेला, पिसारा झाडूसारखा ओढत.
उन्हात माणसाला आईचीच भाषा सुचते.
"मोर! मोर!" मी ओरडलो.
सावलीत आडवा झालेल्या राखणदाराने
डोळे न उघडता बोट दाखवलं:
कीळे. खाली.

खाली पोन्नायीने विचारलं, "पार्ताच्चा?"
पाहिलंत का?
मी मान हलवली. खोटं नव्हतं ते.
दुसऱ्या पेल्याचे पैसे तिने घेतले,
पहिल्याचे नाही.

नात वळणापर्यंत सोडायला आली.
अकराच्या पायरीवर तिला विचारलं, नाव काय लिहिलंय?
ती वाकली, बोट फिरवलं, दूध पुसलं.
नाव होतं तिथेच खळगा पडलेला.
आकडा कडेला होता, म्हणून राहिला.

कंपनीचा कागद असता तर लिहिलं असतं, पूर्ण नुकसान.
मी पाय उचलून बाजूला ठेवला.
मग वाटलं,
अकरा रुपये दिले ते याचसाठी ना.
परत मधोमध ठेवला.
दगड गरम होता.