दर नऊ मिनिटांनी

शनिवारी रात्री साडेदहाला
विशूला मी दिसते. यशोधनला मी दिसते.
विशूला यशोधन दिसत नाही.
पडद्यावर लाल चौकट: जोडणी अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.

डायनिंग टेबलावर दोन फोन, दोन्ही स्पीकरवर,
मध्ये लिंबाच्या लोणच्याची बरणी.
एकातून वाकड बोलतंय, एकातून हडपसर.
"त्याला म्हणावं, राउटर बंद करून तीसपर्यंत मोज."
"सांग त्याला, मोजले. दोनदा मोजले."
टेबलावरून एकमेकांना सगळं ऐकू जातंय,
तरी मी एकेक वाक्य उचलते
आणि दोन वीत पलीकडे नेऊन ठेवते.
धनकवडीचा फ्लॅट विकला
तेव्हापासून हेच काम आहे माझं.

फायरवॉल बंद केली. तारीख-वेळ तपासली.
विशूचं घड्याळ तीन मिनिटं पुढे निघालं.
यशोधन हसला. विशूने ऐकलंच नाही म्हणे.
तपकीर गल्लीतून आणलेली पंधरा मीटर वायर
यशोधनने हॉलपासून बेडरूमपर्यंत ओढली,
तिच्यात पाय अडकून त्याची बायको काहीतरी बोलली,
ते मी पुढे पाठवलं नाही.

शेवटी आमच्या केबलवाल्या तौसीफला फोन लावला.
तो रात्री अकरालाही उचलतो बिचारा.
म्हणाला, ताई, दोघांचंही दार कडक आहे.
आतलं बाहेर जातं,
बाहेरून कोणी आलं की मात्र
"तुम्हाला बोलावलं कोणी?"
एक कडक, एक मध्यम, चालून जातं.
कडक-कडक जमत नाही. कितीही वायर ओढा.
तुमचं काय आहे?
पाहिलं. माझं मध्यम.
मग तुम्ही यजमान व्हा, म्हणाला,
दोघं तुमच्याकडे येतील.
फक्त, तुम्ही उठलात की खेळ संपला.

यजमान म्हणजे मला
सत्यनारायणाला पाटावर बसलेला, हातात पळी,
उपरणं सारखं घसरणारा कोणीतरी माहीत.
मी गाऊनवरच झाले.

अकरा चाळीसला जहाजावर तिघं.
मी सुकाणूपाशी. विशू तोफेवर.
खाली तळाशी बादली घेऊन यशोधन,
कॅफेत तासाला वीस रुपये भरून
दोन खुर्च्यांत तिघं बसायचो
तेव्हाही उरलेलं काम त्याचंच असायचं.
अर्धा तास दोघं फक्त माझ्याशी बोलले.
अक्का, डावीकडे खडक.
अक्का, भोक पडलंय.
अक्का, त्याला सांग, गोळे संपलेत.

मग वादळ आलं,
आणि मी काही उचलायच्या आत

"अरे उपस ना लवकर!"
"उपसतोय! तू आधी शीड पाड, गाढवा!"

म्हणजे तसं माझ्याच राउटरमधून गेलं ते,
हिरवा दिवा लुकलुकला,
पण मला हात लावावा लागला नाही.

आता सव्वा वाजलाय.
सुकाणू विशूने कधीच घेतलंय.
दुधाला विरजण लावायचं राहिलं,
उजवा पाय पार बधिर,
आज गुरुवार नाही म्हणून वीज जाणार नाही एवढा एक आधार.
मी उठू शकते. जहाजावर मी नसले
तरी यांचं काही अडत नाही.
पण दहा मिनिटं कोणी हललं नाही
तर हा गेम त्याला बाहेर काढतो
आणि यजमानाबरोबर समुद्रही जातो.

म्हणून लोणच्याच्या बरणीला मोबाईल टेकवून
गजर लावलाय.
दर नऊ मिनिटांनी मी एक बटण दाबते
आणि तिकडे, डेकच्या कोपऱ्यात, पावसात,
माझी बाई जागच्या जागी एक उडी मारते.

"अक्का, उड्या काय मारतेयस मघापासून?"
दोघांनी एकदमच विचारलं.

काही नाही रे, म्हटलं.
पुढे बघा.