चार नंबरचं दार

पुएर्तो माँतमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
सकाळचे सात, तरी अंधार,
आणि खाडीवरचा वारा
माणसाच्या कानाच्या पाळ्या मोजून घेतो.

चार नंबरच्या शीतगृहातून पाणी ओघळत होतं.
दाराजवळचा बाराशे किलो साल्मन.
बोटानं दाबलं की खळगा पडायचा
आणि भरून यायचा नाही.

सेन्योर शुलर मधोमध उभे राहिले.
पांढरे बूट, कोरडे.
म्हणाले, "एदुविहेस."
नुसतं नाव. मग घसा खाकरून:
"कडी हिनं लावली नाही."
इतकं सहज,
जशी टोपी काढून खुंटीला अडकवावी.
खुंटीला कोण विचारतं.

एदुविहेस ओयार्सो. वीस वर्षं तापमानाची वही तिच्याकडे.
कानामागे पेन्सिल, कारण उणे वीसमध्ये शाई थिजते.
दर दोन तासांनी एक आकडा.
मुलगा दवाखान्यात होता त्या आठवड्यातही
आकडे एकाखाली एक, सुतात.
ती म्हणाली, "आठ वाजता कडी लावली. वहीत आहे."
ते म्हणाले, "वही तुझी, अक्षर तुझं."

पस्तीस माणसं होतो आम्ही.
भिंतीला मिठाची पोती लावलेली
आणि प्रत्येकाच्या तोंडात त्यातलीच एकेक गुळणी.

मी पाहिलं होतं.
मी रातपाळीचा पहारेकरी. नाव राहू दे.
पावणेदहाला साहेब आले, बरोबर तीन पाहुणे,
जाड कोट, वाईनचा वास.
दार त्यांनी स्वतः उघडलं,
मासे असे दाखवले
जसे लेकीच्या लग्नातले दागिने,
आणि हसत बाहेर पडले.
दार नुसतं लोटलेलं.
धोक्याचा भोंगा मार्चपासून मुका आहे,
दुरुस्तीचा कागद त्यांच्याच खणात.

मला वाटलं, लागलं असेल दार.
नाही. खरं सांगतो, वाटलं काहीच नाही.
शेगडीजवळून उठायचा कंटाळा आला.

दुपारी तिला कागद दिला सहीसाठी:
'माझ्या हलगर्जीपणामुळे',
आणि खाली, पगारातून कापायचे अठरा हप्ते.
तिनं दोनदा वाचला.
म्हणाली, "चश्मा घरी राहिलाय, उद्या देते."
चश्मा तिच्या नाकावर होता.
कुणी हसलं नाही.

संध्याकाळी ती फाटकाशी आली.
मी सगळं इस्त्री करून ठेवलं होतं:
माझा गुडघा, नातीची फी,
साठीच्या माणसाला कोण ठेवतं,
आणि साहेबांच्या वडिलांनी मला लावलं होतं ते.
तिनं यातलं काही मागितलं नाही.
रडली नाही, शाप दिला नाही.
विचारलं फक्त, "किती वाजले होते?"

"पावणेदहा," मी म्हणालो.
घशात अडकलेला काटा
खोकल्याबरोबर पडावा तसं.

तिनं तो कागद काढला, उलटा केला,
कोरी बाजू वर करून माझ्या टेबलावर ठेवला.
कानामागची पेन्सिल त्याच्यावर.
"लिही," म्हणाली. "तुझं अक्षर माझं नाही."
एवढ्यात बस आली.
चिखलात पाय सांभाळत ती चढली,
खिडकीची काच पुसली,
माझ्याकडे बघितलं की नाही, दिसलं नाही.

आता साडेआठ.
साहेबांची गाडी अजून आवारात.
किटली उकळून उकळून रिकामी झाली.
दहाची फेरी मारायची आहे,
आज चारही दारं हातानं ओढून बघणार आहे मी,
काल काय झालं होतं मला.

पेन्सिलीवर दातांच्या खुणा आहेत, तिच्या.
झिजून एवढीशी झालीय,
बोटांत नीट बसत नाही.
टोक मात्र केलेलं आहे.