न फुगलेलं

मंगळवारी संध्याकाळी हॅसलिंगडनच्या चॅपलमागच्या खोलीत
इंग्रजीचा वर्ग भरतो. फी नाही. हीटर आहे, नावाला.
दार मिटू नये म्हणून उंबऱ्याशी
एक जुनी ओतीव इस्त्री टेकवलेली,
आणि शिकवायला विनिफ्रेड रॉथवेल, वय एकोणऐंशी,
चूक दिसली की डोळे बारीक करणारी.

आज फळ्यावर विशेषण होतं. तीन अक्षरी: सॅड.
ती म्हणाली, याला लिंग नाही, वचन नाही,
बुवा सॅड, बाई सॅड, बारा घोडे सॅड,
नामाच्या पुढ्यात उभं करा, नाहीतर 'आहे'च्या पाठीला बसवा,
तक्रार करत नाही.
तुलना करताना मात्र शेवटचा डी दोनदा लिहा.
का, असं सेनाइतनं विचारलं. तिचा प्रश्न नेहमी हाच.
नाहीतर मधला स्वर लांबतो, विनिफ्रेड म्हणाली.

मी वहीत उतरवलं:
दुःख वाढलं की टोक दुप्पट करावं,
म्हणजे आतला आवाज लांबत नाही.

मग चहा. आणि तिनं घरून आणलेला केक,
म्हणजे केक कसला, भाकरीइतका चपटा,
उरलंसुरलं पीठ लाटून त्यात मूठभर बेदाणे दडपलेले.
सॅड केक, ती म्हणाली, इथलाच आहे, खोऱ्यातला,
गिरणीत जाताना डब्यात न्यायचे.
सेनाइतनं उचललेला तुकडा परत ठेवला.
हळूच विचारलं,
कोण गेलं?

कपबशा थांबल्या.
क्लेमंट फेब्रुवारीत गेला हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं,
फक्त कुणाला वाक्य जुळवता आलं नव्हतं.

विनिफ्रेड हसली. आधी नुसते खांदे, मग ती सगळीच.
अगं, फुगला नाही म्हणून सॅड!
ती दाराची इस्त्रीसुद्धा सॅडच, आतून पोकळ नाही ना.
उठली, शब्दाचं जुनं रूप लिहिलं,
ए आणि ई एकमेकांना चिकटलेले,
थंडीत एका पांघरुणात शिरल्यासारखे.
हजार वर्षांपूर्वी याचा अर्थ: पोट भरलेला.
जेवून उठलेला, ढेकर दिलेला, आणखी नको म्हणणारा.
जर्मन माणूस अजूनही ताट सारून
याच्याच भावाचं नाव घेतो.
भरलेला, म्हणून जड.
जड, म्हणून जागचा न हलणारा, भरवशाचा.
मग गंभीर. आणि मग,
खडू तिथंच थांबला.
म्हणाली, पीठ मी अजून दोघांपुरतंच मळते.
हात चुकून तेवढंच घेतो.
आणि मग मीच खाते सगळं.

मी खिडकीकडे बघत बसलो.
माझ्या भाषेत पोट भरतं,
आणि ऊर भरून येतो.
चाळीस वर्षं मी ही दोन वेगळी कामं समजत होतो.
आणि आमचं 'जड' बघा, तेही असंच बिनलिंगाचं:
जड पाय, जड जीभ, जड अंतःकरण.
हे तिला सांगायचं होतं. इंग्रजीत
सुरुवात कुठून करावी कळेना,
म्हणून साखर पुढे केली.

तेवढ्यात सेनाइतनं थाळीवर बोट फिरवलं,
सगळ्यात जाड तुकड्यावर थांबवलं,
'द' न विसरता म्हणाली,
द सॅडेस्ट वन, प्लीज.

शाबास, विनिफ्रेड म्हणाली, आणि तो तुकडा
कागदी रुमालात नीट बांधून दिला.

साडेआठला तिनं दिवा घालवला.
इस्त्री दोन्ही हातांनी उचलली. मी पुढे झालो,
तर म्हणाली, राहू दे, सवय आहे.
मग दार आपणहून मिटलं.