रकाना एकेचाळीस

गेनोव्हेफा कोबीची बरणी उघडते,
आंबूस वास माझ्या फॉर्मवर येऊन बसतो.
शिकागोतला मार्च, खिडकीखाली काळवंडलेला बर्फ.

पहिली पाळी कितव्या वर्षी?
बटाटे काढायच्या दिवसांत, ती म्हणते.
नाही, वय?
ती बोटांवर बटाट्यांचे हंगाम मोजते. पंधरा.
युद्ध नुकतं संपलेलं, पोटात काही नसायचं,
अंगाला कसली घाई?
माझ्या दानुताला साडेदहाव्या वर्षीच आली,
इथल्या दुधावर पोरी कशा सरसर वाढतात.

मुलं?
दोन.
अंगावर पाजलीत?
थोरल्याला अकरा महिने, तिकडे, गावी.
दानुताला नाही. कारखान्यात रात्रपाळी होती,
छातीला पट्ट्या आवळून दूध जिरवलं.
दगड झाले होते गं, दगड.
मी शून्य लिहिते.
दगडाला रकाना नाही.

रात्रपाळी एकोणीस वर्षं,
पांढऱ्या दिव्यांखाली रेडिओच्या तारा जोडत.
पाळी गेल्यावर गोळ्या, आठ वर्षं.
अंगातून उठणाऱ्या वाफा थांबल्या, हे मात्र खरं.

कोबी, आठवड्यातून किती वेळा?
आता ती पहिल्यांदा हसते.
तिकडे? सकाळ-संध्याकाळ. कच्चा, आंबवलेला, नुसता उकडलेला.
इथे नाताळला.
आणि तू आलीस म्हणून आज.

मग मी न विचारताच सांगते:
उन्हाळ्यात गल्लीत डासांच्या औषधाची गाडी यायची,
गोडसर धूर सोडत.
पोरं मागे धावायची, दानुता सगळ्यांच्या पुढे.
मी बाळंतपणाचे कपडे वाळत घालत असायची.
धुराबद्दल प्रश्न नाही. मी समासात लिहून ठेवते.

मग यातलं कशानं झालं?
मी शिकवलेलं उत्तर देते:
एका बाईवरून सांगता येत नाही.
हजारो बायका एकीवर एक रचल्या
की कुठेतरी एक रेघ जराशी वर सरकते.

ती बराच वेळ झाकण फिरवत राहते.
माझी बहीण गावातच राहिली.
जन्मभर कोबी खाल्ला, सहा लेकरं पाजली.
तिलाही झाला.
तिला कुठल्या रेघेवर ठेवशील?

बसमध्ये फॉर्म मांडीवर घेते.
एकेचाळीस: मुलाखत घेणाऱ्याचे निरीक्षण.
लिहिते:
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
बरणी सर्वांत वरच्या फळीवर होती.
स्टूल ओढलं, डाव्या हाताने काढली.
मला काढू दिली नाही.